खंडेनवमीला बायकांची पंगत आधी

जगदेवराव खराडे यांना कुणी विचारलं की, "आपण काय करता?" तर वीज मंडळातून रिटायर झालोय वगैरे ते काही सांगत नाहीत. विचारणाऱ्याला आधी एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि म्हणतात, "वर्षातून एकदा भाकऱ्या करतो." समोरचा हसतो. हसो बापडा! ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजाराच्या मागच्या गल्लीत जाऊन कुणालाही विचारा खराड्यांकडची खंडेनवमी कशी असते ते. कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा सांगेल, "अरे, उनके यहाँ तो उस दिन मर्द लोग रोटी बनाते हैं." रोटी नव्हे हो, भाकरी. जगदेवरावांसमोर तिला रोटी म्हणालात तर तुमची धडगत नाही.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. घरातली शस्त्रं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, एवढं तर मराठ्यांच्या बहुतेक घरांत होतं. खराड्यांकडे त्यापुढचं एक कलम आहे. त्या दिवशी घरातल्या बाईनं जात्याला, परातीला आणि तव्याला हात लावायचा नाही. दळायचं पुरुषांनी, मळायचं पुरुषांनी, थापायचं, भाजायचं, वाढायचंही पुरुषांनी. बायकांची पंगत आधी बसते, गरम भाकरी त्यांच्या ताटात पडते, आणि पुरुष मागाहून जेवतात.

कारण विचारलंत तर जगदेवराव खुर्ची पुढे ओढतात. "लष्कर हे नाव काय हवेतून पडलं? छावणी होती इथे, छावणी! दख्खनेतून घोडी दामटत आले तेव्हा बरोबर बायका होत्या काय? मग दळत कोण होतं? घोड्याला चंदी दिली की स्वतःसाठी बाजरी दळायची, भाजायची, खायची आणि पुन्हा खोगीर. तलवारीचं सगळेच सांगतात हो. उपाशी माणसाला तलवार उचलवते का? भाकरीवर आलोय आपण इथवर!" पुढे बायका आल्या, चुली त्यांच्याकडे गेल्या, पण एक दिवस कुणीतरी शहाण्यानं राखून ठेवला. यातलं खरं किती नि पदरचं किती, देव जाणे. पण जगदेवरावांचे वडील शिवाजीराव हे करत होते, त्यांचे वडील करत होते, आणि जगदेवरावांना तेवढं पुरेसं होतं.

आता तुम्ही म्हणाल, वर्षातून एक दिवस भाकरी थापली म्हणजे काय मोठे दिवे लावले? हे मंदाताईनंही म्हटलेलं आहे. मंदाताई म्हणजे जगदेवरावांची बायको, आणि ती जे म्हणते ते तोंडावर म्हणते. "एक दिवस करता आणि वर्षभर मिशीला पीळ देता. आम्ही वर्षभर करतो, आम्ही कशाला पीळ द्यायचा?" यावर जगदेवराव गप्प बसतात. बायकोचं बोलणं खरं असलं की ते नेहमीच गप्प बसतात, आणि म्हणूनच तो संसार टिकला.

पण एक दिवसाचं का होईना, ते करायचे ते जीव ओतून. दानाओळीच्या धान्यबाजारातून भिंडकडची बाजरी स्वतः बघून आणायचे. हातावर घेऊन फुंकायचे, दाताखाली धरून फोडायचे, दुकानदार वैतागून म्हणायचा, "बाबूजी, लेना है या इंटरव्यू लेना है?" गिरणीचं पीठ चालायचं नाही. बाजरीचं पीठ दोन दिवस पडून राहिलं की कडवट होतं आणि थापताना कडेनं फाटतं, म्हणून त्याच दिवशी पहाटे जात्यावर दळायचं. बायका जात्यावर ओव्या म्हणतात. पुरुषांकडे ओव्या कुठल्या असायला? जगदेवराव दळताना वीज मंडळातल्या आपल्या जुन्या साहेबांची नावं घेत, एकेकाचा उद्धार करत. साहेब जितका नालायक, तितकं पीठ बारीक. हर्षिता, त्यांची मुलगी, लहानपणी अंथरुणातूनच ओरडायची, "बाबा, अब बस करो ना, सगळे साहेब संपले असतील!"

आणि भाकरी कशी व्हायची म्हणता? ताटाएवढी, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी, विस्तवावर धरली की टम्म फुगलेली. मंदाताई लग्न होऊन आली त्या वर्षी, नवी नवरी, पाटावर बसलेली. नवऱ्यानं मान खाली घालून भाकरी वाढली. तिनं ती उलटून पाहिली आणि सासरच्या सगळ्यांसमोर म्हणाली, "कड जाड आहे." जगदेवराव मुकाट आत गेले आणि दुसरी घेऊन आले. मंदाताई सांगते, "त्या दुसऱ्या भाकरीपासून मी यांना नवरा मानला. पहिलीपर्यंत नुसते लाइनमन होते."

लाइनमन ते खरेच होते. उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेला. आंधीत, पावसात, जूनच्या भट्टीत, कधी पाय घसरला नाही. आणि यंदा, नवरात्र बसायच्या आधी, भिंतीवरची तलवार घासायला काढावी म्हणून स्टुलावर चढले आणि पडले. स्टुलावरून हो! गुडघ्याएवढ्या स्टुलावरून! उजव्या मनगटाचं हाड मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर आलं. दुखलं त्यापेक्षा लाज जास्त वाटली. कुणी भेटायला आलं की मंदाताई मुद्दाम विचारायची, "सांगू का कशावरून पडलात?" आणि ते म्हणायचे, "उंचावरून पडलो म्हण."

दोन दिवसांनी मात्र त्यांच्या ध्यानात आलं की नवमीपर्यंत प्लास्टर निघत नाही. मग त्यांचा चेहरा जो उतरला तो उतरलाच.

भाकरी एका हातानं होत नाही. एक हात थापतो, तेव्हा दुसरा कडेला आधार देत ती फिरवतो. तव्यावर टाकायला तर दोन्ही तळवे लागतात. घरात दुसरा पुरुष म्हणजे मुलगा विक्रमसिंह. तो पुण्याला मोटारींच्या कारखान्यात. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, इस बार छुट्टी मिलना मुश्किल है. ऐन दसऱ्यात इथे गाड्यांची डिलिव्हरी असते, तुम्हाला माहीत आहे. एखाद वर्ष राहू दे ना." एखाद वर्ष! जगदेवरावांनी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. गल्लीतली इतर घरं त्यांना माहीत होती. कुणाकडे पूर्वी अख्खी रात्र गोंधळ चालायचा, कुणाकडे घोड्याची पूजा व्हायची. कुठल्याच घरानं ठरवून काही बंद केलं नव्हतं. सगळीकडे एखाद वर्षच राहिलं होतं.

मंदाताईला त्यांचं दुःख कळत होतं. ती वरून कितीही टोचली तरी आतून मऊ. रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, स्वयंपाकघराचं दार लावून घेऊ. मी थापते, तुम्ही बाहेर नेऊन वाढा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" जगदेवराव कडाडले. मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळले. "तू थापलेली भाकरी तुझ्याच ताटात वाढू? मग ती नवमी कसली, मंदा? वर्षभर तेच तर चालतं."

मंदाताईनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. तिला ते वाक्य आवडलं होतं, पण कबूल कोण करणार!

उपाय हर्षितानं काढला. तिचं लग्न याच वैशाखात झालं होतं, इथेच, ग्वाल्हेरातल्याच पारसनिसांच्या उत्कर्षशी. उत्कर्ष दातांचा डॉक्टर. पारसनीस म्हणजे जुन्या दरबारी लेखणीवाल्यांचं घराणं, ब्राह्मण. खराडे तलवारवाले. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली होती, पण पोरांनी काही जुमानलं नाही. लग्नानंतरची पहिली नवमी म्हणून जावयाला आणि विहीणबाईंना जेवणाचं आमंत्रण आधीच गेलेलं होतं. हर्षिता म्हणाली, "बाबा, उत्कर्ष करेल ना! त्यात काय एवढं? घरात दोन हात येतायत, आणि तुम्ही रडताय."

जगदेवराव खुर्चीतून उडालेच. "जावयाला परातीपुढे बसवू? पहिल्या सणाला? ज्याचे पाय धुवायचे त्याच्याकडून पीठ मळून घेऊ? विहीणबाई काय म्हणतील? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि खबरदार, त्याला यातलं अवाक्षर बोललीस तर!"

आता पंचाईत बघा कशी. एक रीत म्हणते, खंडेनवमीला भाकरी पुरुषानं करायची. दुसरी रीत म्हणते, जावयाला काडी इकडची तिकडे करू द्यायची नाही. शिवाजीरावांच्या वेळेला जावई आले की त्यांना सरळ बायकांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवत आणि त्यांची यथेच्छ थट्टा होई. तेव्हा घरात थापणारे पुष्कळ होते, चाललं. यंदा थापणारा एक आणि तोही एका हाताचा. पण जगदेवरावांचं ठरलं. "मी करीन. डाव्या हातानं करीन. शंभर मोडल्या तरी चालतील, दहा तरी होतील की नाही?"

नवमीच्या पहाटे त्यांनी डाव्या हातानं जातं ओढलं. जातं एका हातानं ओढता येतं, फक्त वेळ लागतो. त्या दिवशी मंडळातले सगळे साहेब संपले, मग मंत्री सुरू झाले, आणि शेवटी ते स्टुलावर आले. वांगी भाजली, भरीत केलं, लसणाची चटणी डाव्या हातानंच खलबत्त्यात कुटली. मंदाताई ओट्यापासून हातभर लांब, हाताची घडी घालून उभी. मदत करता येत नाही आणि बघवतही नाही, अशी तिची गत. "मीठ घातलंत का?" "घातलं." "दिसलं नाही मला." "तुला दिसायला घातलं नाही, भरिताला घातलं."

साडेअकराच्या सुमारास विहीणबाई आल्या. सीमंतिनी पारसनीस, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, ताठ, कमी बोलणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. जगदेवरावांना साऱ्या शहरात भीती वाटायची ती एवढ्या एका बाईची. मागून हर्षिता आणि उत्कर्ष. उत्कर्षनं पाटावरच्या शस्त्रांना नमस्कार केला. तलवार, कट्यार, आणि त्यांच्या शेजारी जगदेवरावांची खांबावर वापरायची पकड, टेस्टर आणि कमरेचा पट्टा. तो जरा घुटमळला, खिशातून रुमालात गुंडाळलेला दात उपटायचा चिमटा काढला आणि लाजत विचारलं, "बाबा, हा ठेवला तर चालेल? माझं हेच आहे." जगदेवरावांनी तो उचलून स्वतः कट्यारीजवळ ठेवला. त्यांना पोरगा एकदम आवडला, पण जावयाला तसं बोलून दाखवायचं नसतं.

पंगत बसली. पहिल्या पाटावर, रांगोळीच्या आत, जावईबापू. मग विहीणबाई, मंदाताई, हर्षिता आणि शेजारच्या मंजिरीवहिनी, ज्या दरवर्षी न चुकता येतात आणि दरवर्षी म्हणतात, "आमच्या ह्यांना तर पाणी उकळता येत नाही." भरीत, चटणी, गूळ, तुपाची वाटी वाढून झाली. जगदेवरावांनी सगळ्यांना हात जोडले, म्हणजे एक हात आणि एक प्लास्टर, आणि आत गेले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी उघडंच ठेवलं. लपवायचं काही नव्हतं.

पहिला गोळा त्यांनी डाव्या हातानं थापला. थापला म्हणजे काय, आधार नसल्यामुळे तो एका अंगाला सरकत गेला आणि पायताणाच्या आकाराचा झाला. उलथन्यानं उचलायला गेले तर मधोमध तुटला. दुसरा बरा झाला, पण तव्यावर पडताना घडी पडली. घडी सोडवेपर्यंत करपला. तिसऱ्याला प्लास्टरनं टेकू द्यायला गेले आणि कळ अशी निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. भाकरी जमिनीवर. तव्यावर धूर. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो कोणत्या हातानं पुसायचा? एक पिठाचा आणि एक प्लास्टरचा.

बाहेर धुराचा वास पोचला. मंजिरीवहिनी खोकल्या. मंदाताईचा एक गुडघा उचलला गेला, पण तिनं तो परत टेकवला. ती उठली असती तर घटकेत दहा भाकऱ्या झाल्या असत्या, आणि आत उभा असलेला माणूस पुन्हा कधी पहिल्यासारखा ताठ चालला नसता. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती ताटाकडे बघत बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते काही धुरानं नव्हे.

जगदेवरावांनी चौथा गोळा घेतला. त्यांच्या मनात स्वच्छ येऊन गेलं की आता बाहेर जाऊन सांगावं लागणार. यंदा होत नाही म्हणून. आपल्या बापानं आपल्या हाती दिलेली एकच गोष्ट, ती आपल्या हयातीत, आपल्याच हातून जाणार.

तेवढ्यात दारात उत्कर्ष. बाह्या वर सारलेल्या.

"अहो जावईबापू, हे काय? पाटावरून उठलात? बसा, बसा, आणतोच."

"बाबा, मला एक सांगा," उत्कर्ष तिथेच उभा राहून म्हणाला. "हर्षिता म्हणते, आज पुरुष करतात आणि बायका बसतात. मग मला तिकडे का बसवलंय? मी नेमका कोण आहे?"

जावई आहेस म्हणावं तर तो बायकांच्या पंगतीत बसणारा पाहुणा. पुरुष म्हणावं तर आजच्या दिवशी त्याची जागा इथे, परातीपाशी. ते नुसते बघत राहिले. त्यांचं गप्प बसणं उत्कर्षनं होकार धरला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, डॉक्टर लोक धुतात तसे खसाखसा, आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसला. "तुमचा एक, माझे दोन. सांगा, क्या करना है."

आणि मग खराड्यांच्या घरात कधी झाली नव्हती अशी भाकरी व्हायला लागली. जगदेवरावांचा डावा तळहात थापायचा, आणि समोरून उत्कर्षची बोटं कडेला आधार देत तिला फिरवायची. आधी ताळमेळ बसेना. हा थापायचा तेव्हा तो थांबायचा, तो फिरवायचा तेव्हा हा चुकायचा. "हळू... हळू... आता सोडा... कड दाबू नका, फक्त धरा." पण पोराची बोटं हलकी होती. माणसाच्या जबड्यात तासन्‌तास काम करणारी बोटं ती, न थरथरणारी. गोळा सरकेना, गोल पसरत गेला, पसरत गेला, आणि बघता बघता ताटाएवढा झाला. जगदेवराव सगळं विसरले. हात विसरले, प्लास्टर विसरले, समोर कोण बसलंय तेही विसरले. त्यांना दिसत होती फक्त भाकरी.

उत्कर्षनं ती दोन्ही तळव्यांवर अलगद उचलली, तव्याशी गेला आणि नवखा माणूस करतो तेच करायला निघाला. पिठाची बाजू खाली, तव्याकडे.

"अरे गाढवा!" जगदेवरावांचा आवाज अख्ख्या घरात घुमला. "पालथी टाक, पालथी! पिठाची बाजू वर! डोळे काय गहाण ठेवलेस? पाणी फिरव तिच्यावरून, लवकर! बघत काय बसलास माठ्यासारखा?"

उत्कर्षनं घाबरून भाकरी पालथी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी वाचली.

बाहेर मंजिरीवहिनींचा खोकलाही थांबला. आणि मग जगदेवरावांना कळलं आपण काय बोललो. जावयाला गाढव म्हणालो. माठ्या म्हणालो. पहिल्या सणाला, त्याची आई पलीकडे बसलेली असताना, दार सताड उघडं असताना! त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भाकरी गेली असती तर निदान एकच गेली असती, इथे तर पोरीच्या सासरचं सगळंच घालवलं आपण.

"ती उलटा आता, जावईबापू," ते कसंबसं पुटपुटले आणि पिठाच्या हातानंच बाहेर आले. मंदाताईनं तोंडाला पदर लावलेला. हर्षिता छताकडे बघत होती. जगदेवराव विहीणबाईंसमोर उभे राहिले, मान खाली. "विहीणबाई, चूक झाली. मोठी चूक झाली. तोंडातून निघून गेलं. माझी जीभच मेली अशी आहे, खांबावरून ओरडून ओरडून बिघडलेली. पोराला... म्हणजे जावईबापूंना... मी हात जोडतो."

सीमंतिनीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या.

"जगदेवराव, ह्याचे वडील गेले तेव्हा हा नववीत होता," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीकांतांना सवय होती. गणित चुकलं की 'अरे गाढवा', सायकल पाडली की 'अरे गाढवा'. घर दुमदुमायचं. ते गेले आणि त्या दिवसापासून ह्याला सगळे जपतात. काका जपतात, मामा जपतात, मी तर जपतेच. बापाविना पोर ना, म्हणून. आज इतक्या वर्षांनी कुणी तरी त्याला हक्कानं गाढव म्हणालं." त्यांचा ताठ आवाज जरासा हलला, मग त्यांनी तो सावरला. "तुम्ही माफी कसली मागताय? आत जा. एकटा आहे तो तिथे, भाकरी करपवेल. गाढव आहे तो."

जगदेवरावांची मिशी थरथरली तेवढी. ते आत आले तर उत्कर्ष चिमट्यानं भाकरी विस्तवावर धरून उभा. त्यानं बाहेरचं सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे लाल झाले होते, पण नजर भाकरीवरून हलत नव्हती. "बाबा, ही फुगत का नाहीये?"

"फिरव. थोडी अजून. एका जागी धरू नको, फिरव रे!"

त्यानं फिरवली. आधी एका कडेला फुगा धरला, मग तो सरकत सरकत मध्यावर आला आणि भाकरी टम्म झाली. दोघेही ओरडले. साठी उलटलेला माणूस आणि डॉक्टर, दोघेही पोरांसारखे ओरडले! बाहेर मंदाताईनं ती हाळी ऐकली आणि मंजिरीवहिनींच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "झाली! झाली हो यांची भाकरी!"

ती पहिली भाकरी उत्कर्षनं स्वतः नेऊन आईच्या ताटात वाढली. सीमंतिनीबाईंनी वाफ निघणारा तुकडा मोडला, तूप लावलं आणि खाल्ला. त्यांनी पोरासाठी हजारो पोळ्या केल्या असतील, बँकेत जायच्या आधी, बँकेतून आल्यावर. त्याच्या हातची गरम भाकरी त्या पहिल्यांदाच खात होत्या. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. दुसरी भाकरी मंदाताईची. तिनं ती नेमानं उलटून पाहिली. "कड अजून जाड आहे," म्हणाली, आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मंजिरीवहिनींनीच लाजून मान वळवली.

मग एकामागून एक भाकऱ्या येत गेल्या. काही लांबट झाल्या, एक चक्क त्रिकोणी, दोन-तीन मोडल्या त्या चुरून गूळ-तुपाशी खाल्ल्या गेल्या. आतून सारखा आवाज येत होता, "अरे धर! सोड! अरे माठ्या, पीठ घे!" आणि दर हाकेला बाहेरची पंगत हसत होती. सगळ्यात मोठ्यानं विहीणबाई.

बायकांचं उरकलं. दोन पाट रिकामे करून मांडले. मंदाताईला राहवेना. जावई पहिल्या सणाला घरी जेवतोय, घामानं निथळलाय, त्याला निदान ताट तरी नीट करून द्यावं, म्हणून ती तुपाची वाटी घेऊन पुढे झाली. मानाचं चांदीचं ताट तिनं सकाळीच घासून ठेवलं होतं.

"मंदा, ते ताट राहू दे," जगदेवराव म्हणाले. त्यांनी उरलेल्या मोडक्या भाकऱ्यांची दुरडी आपल्या नि उत्कर्षच्या मध्ये ओढली आणि मिशीला, डाव्या हातानं का होईना, पीळ दिला. "आज घरातले पुरुष आपल्या हातानं घेऊन खातात. घे रे उत्कर्षा, लाजू नको."